दिवाणखान्यातला आवाज

आमच्या घराण्यात तीन पिढ्या बँड आहे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि वरातीपुढे चालणारे पंधरा-सोळा जण. दादांनी सुरू केला, अब्बांनी चालवला, आणि अब्बांच्या माघारी चाचांनी सांभाळला. मी तेवढा शिकून नोकरीत गेलो. डीजे आल्यापासून बँडची माणसं एकेक करून गळाली. कुणी रिक्षा घेतली, कुणी फळाची गाडी लावली. आता सात उरलेत. चाचांचं वय एक्काहत्तर. त्यांचं क्लॅरिनेट अजून बोलतं, पण डॉक्टरांनी फुफ्फुसाचा फोटो पाहून 'फुंकर कमी करा' असं सांगून ठेवलंय.

हे ऐकल्यावर माझ्या पुतण्याने मनावर घेतलं, की चाचांचं वाजवणं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं. मोबाईलवरच्या वरातीच्या क्लिपा आहेत, पण त्यात फटाके आणि शिट्ट्याच जास्त. त्याने माडीवरची दहा बाय बारा फुटांची खोली रिकामी केली, हप्त्यावर माईक आणि इंटरफेस घेतला, आणि बाजारातून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे गोळा करून चारी भिंतींना चिकटवले. एका रविवारी सातही जणांना त्या खोलीत कोंबलं. तासाभराने चाचांनी हेडफोन लावून ऐकलं, काढला आणि म्हणाले, "मेरा आवाज डब्बे में बंद कर दिया रे तू." मग जेवायलाही थांबले नाहीत.

पुतण्या खट्टू झाला. माईक हलका पडला असेल, महागडा घ्यायला हवा, असं म्हणू लागला. मला माईकमधलं काही कळत नाही, पण इतिहास वाचायची खोड आहे. घरातल्या खोलीत बँड रेकॉर्ड करण्याचा उद्योग कुणी केला, कसा केला, हे शोधता शोधता मी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या एका दिवाणखान्यात जाऊन पोहोचलो. तिथे मला जी माणसं भेटली त्यांची अपेक्षा मी केली नव्हती.

हॅकनसॅक नावाचं गाव. न्यूयॉर्कपासून हडसन नदीपलीकडे, मोटारीने जाण्याइतकं जवळ. तिथे १९४६ साली एका कापड दुकानदार जोडप्याने घर बांधलं. त्यांचा मुलगा रूडी व्हॅन गेल्डर. जन्म १९२४चा, शिक्षण डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचं. तोच त्याचा पोटाचा धंदा. पण पोराला रेडिओ आणि रेकॉर्डिंगचं वेड होतं. आईबापांनी घर बांधतानाच दिवाणखान्याला लागून त्याच्यासाठी एक छोटी खोली काढली आणि मधल्या भिंतीत दुहेरी काचेची खिडकी बसवून दिली. खोलीत यंत्रं आणि रूडी, दिवाणखान्यात वाजवणारे. वादक यायचे तेव्हा आईबापांचं बसणं-उठणं बाजूला. मुलाच्या छंदासाठी बैठकीची खोली देऊन टाकणारे आईबाप आपल्याकडे किती निघतील, हा प्रश्न मी भावाला विचारला. त्याने माडीकडे बोट दाखवलं.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लू नोट या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायनच्या कानावर या घरात मुद्रित झालेलं संगीत पडलं. लायन बर्लिनहून आलेला. त्याचा भागीदार फ्रान्सिस वुल्फ १९३९मध्ये नाझी जर्मनीतून निसटलेला ज्यू छायाचित्रकार. लायनला तो आवाज इतका आवडला की पुढे कंपनीचं बहुतेक काम याच घरात होऊ लागलं. मागोमाग प्रेस्टीज आणि सॅव्हॉय या कंपन्याही आल्या. दिवसा चष्म्याचे नंबर काढायचे आणि उरलेल्या वेळात जॅझ मुद्रित करायचं, असं १९५९पर्यंत चाललं. मायल्स डेव्हिसने १९५६ साली ११ मे आणि २६ ऑक्टोबर अशा दोन दिवसांत या दिवाणखान्यात चार रेकॉर्ड भरतील एवढं संगीत वाजवून टाकलं, तेही बहुतेक पहिल्याच फेरीत. थेलोनियस मंकने आपल्या एका रचनेला या गावाचंच नाव दिलं.

वुल्फने काढलेले फोटो आज जगभर छापले जातात. त्यात वादकांच्या मागे घरातले दिवे दिसतात, खिडकीच्या पट्ट्यांचे पडदे दिसतात. अंड्यांचे ट्रे कुठेच नाहीत.

आता ज्या माणसांबद्दल सांगायचंय ती. १९५८च्या ३० ऑक्टोबरला या खोलीत 'मोनिन' ही रेकॉर्ड मुद्रित झाली. ड्रमवर होता आर्ट ब्लेकी. त्याचं दुसरं नाव अब्दुल्लाह इब्न बुहैना. सोबतचे वादक त्याला लाडाने 'बू' म्हणत, ते त्या बुहैनावरून. १९५७ साली याच खोलीत साहिब शिहाब सॅक्सोफोन वाजवून गेला, इद्रीस सुलेमान ट्रम्पेट वाजवून गेला आणि युसूफ लतीफ तर अनेकदा येऊन गेला. ही नावं आईबापांनी ठेवलेली नव्हती. काळ्या अमेरिकनांनी इस्लाम स्वीकारून घेतलेली होती.

ही गोष्ट सुरू होते १९२० साली. अहमदिया जमातीचे मुफ्ती मुहम्मद सादिक फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरले. या जमातीविषयी आपल्याकडे काय मतभेद आहेत ते वाचकांना ठाऊक आहे, इथे त्यात शिरत नाही. पण अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांत इस्लामची ओळख करून देणाऱ्या सुरुवातीच्या प्रचारकांत ते होते हे नाकारता येत नाही. चाळीसच्या दशकात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, डेट्रॉईट या शहरांतले अनेक जॅझ वादक या मार्गाने मुसलमान झाले. कारणं वेगवेगळी होती. कुणाला मनःशांती हवी होती, कुणाला व्यसनातून सुटायचं होतं. काहींना गुलामीच्या काळात गोऱ्या मालकाने चिकटवलेलं आडनाव टाकायचं होतं. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने आत्मचरित्रात आणखी एक व्यवहारी कारण नोंदवलंय. अरबी नाव सांगितलं की हॉटेलवाला गोंधळायचा, याला 'निग्रो' म्हणून हाकलायचं की परदेशी पाहुणा म्हणून बसवायचं ते त्याला कळायचं नाही. काहींना त्यामुळे जेवण मिळालं. आज आपल्या शहरांत नाव सांगितल्यावर भाड्याचं घर मिळत नाही. तिथे तेच नाव सांगून लोकांना टेबल मिळत होतं. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो.

यातला युसूफ लतीफ मला सगळ्यात जवळचा वाटला. जन्म १९२०चा, वाढला डेट्रॉईटमध्ये. इस्लाम स्वीकारल्यावर त्याने नाव बदलून भागवलं नाही, पूर्वेकडची वाद्यं शोधायला लागला. १९५७मध्ये हॅकनसॅकला तो फक्त सॅक्सोफोन आणि बासरी घेऊन आला नाही. सोबत मिसरी शेतकऱ्यांचं अरगूल होतं, म्हणजे दोन नळ्यांचं वेळूचं वाद्य. रबाबही होता, तो त्याचा साथीदार अर्नी फॅरो वाजवायचा. त्या वर्षीच्या एका रेकॉर्डचं नावच 'प्रेअर टू द ईस्ट'. न्यू जर्सीच्या एका मध्यमवर्गीय बैठकीत अरगूल घुमतंय आणि शेजारच्या खोलीत एक चष्मेवाला काचेतून बघत तो आवाज फितीवर उतरवतोय, हे चित्र मला फार दिवस सुटलं नाही.

हाच लतीफ १९८०पासून म्हणू लागला, की जिथे दारू विकली जाते तिथे मी वाजवणार नाही. जॅझवाल्याने असं म्हणणं म्हणजे पोटावर पाय आणणं, कारण जॅझ चालायचं तेच मुळी दारूच्या क्लबांत. चाचांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. आयुष्यभर त्यांनी प्यालेल्या वरातीपुढे वाजवलंय. नाचणारे नोट ओवाळून क्लॅरिनेटच्या भोंग्यात खोचतात, कधी धक्का बसून ओठ फुटतो. आणि त्याच माणसाला घरच्या लग्नात, नात्यातल्याच लोकांकडून, 'तुमची कमाई गाण्याबजावण्याची' हे ऐकावं लागतं. चाचांचे एक मेहुणे तबलीगमध्ये जातात. वीस वर्षं झाली, ते बँडबद्दल एक शब्द चांगला बोललेले नाहीत. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ झोपलेत, दरवर्षी उरुसात मोठमोठे गवई तिथे हजेरी लावतात. पण मौसिकी हराम की हलाल हा वाद आमच्या घरात दर ईदला नव्याने निघतो. तो वाद मी इथे मिटवू शकत नाही.

पण व्हॅन गेल्डरच्या दिवाणखान्यात चांगलं काय होतं, हा पुतण्याचा प्रश्न राहिलाच. त्याचं उत्तर त्याच्याही आधी पन्नास वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं. तिथे प्राध्यापक बोलू लागला की त्याचा एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तोवर पुढचे पंधरा शब्द त्यावर येऊन पडायचे, कुणालाच काही कळायचं नाही. वॉलेस सबाइन या तरुण भौतिकीच्या अध्यापकाला सांगितलं गेलं, हे दुरुस्त करा. त्याने रात्री, शहर झोपल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग आणखी काही गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. पहाटेपर्यंत गाद्या परत जागेवर. एकदा त्याच्या लक्षात आलं, की आपण अंगात काय घातलंय त्यानेही मोजमाप बदलतं. मग त्याने आधीच्या बऱ्याच नोंदी फेकल्या आणि रोज तेच कपडे घालून कामाला बसला.

त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि खोलीत आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका लवकर विरतो. शोषणाचं माप म्हणून सबाइनने घेतली उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. गादी, गालिचा, पडदा हे सगळं उघड्या खिडकीच्या हिशेबात मोजायचं. माणूससुद्धा. बसलेला, कपडे घातलेला माणूस चांगला शोषक असतो. हे वाचताना मला हसू आलं, कारण हे मशिदीत जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. दुपारी रिकाम्या मशिदीत कुणी खोकलं तरी घुमतं. जुम्म्याला शेवटच्या सफपर्यंत माणसं भरली की इमामाचा आवाज कोरडा आणि स्पष्ट होतो. विजापूरच्या गोलघुमटात आमच्या शाळेच्या सहलीने हाच प्रयोग उलटा केला होता. तिथे गादी नाही, पडदा नाही, सारा दगड आणि चुना, म्हणून एक टाळी अनेकदा परत येते.

घुमणं हे नेहमीच वाईट असतं असं नाही. 'मुगल-ए-आझम'च्या 'प्यार किया तो डरना क्या' या गाण्यात शीशमहलाची गुंज हवी होती. तेव्हा गुंज देणारी यंत्रं हाताशी नव्हती, म्हणून नौशादसाहेबांनी लताबाईंना स्टुडिओच्या न्हाणीघरात उभं करून गाऊन घेतलं, असं सांगतात. फरशा लावलेल्या भिंती आवाज शोषत नाहीत, तेच तिथे कामाला आलं.

आता अंड्यांचे ट्रे. पुठ्ठा पातळ असतो. तो फार तर झांजेचा, शिट्टीचा, म्हणजे वरच्या पट्टीचा थोडा आवाज खातो. खालच्या आवाजाला तो भिंतीत नसल्यासारखाच. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. ढोलाच्या १०० हर्ट्झच्या घुमाऱ्याची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, बोटभर पुठ्ठा तिचं काय करणार? म्हणजे पुतण्याच्या खोलीत क्लॅरिनेटची चमक गेली आणि ढोलाचा गदारोळ तसाच राहिला. चाचांना 'डब्बा' ऐकू आला तो यामुळे. शिवाय पुठ्ठा पेटतो, आणि ट्रेच्या शेजारून वायरी गेलेल्या. सगळ्यात आधी मी ते काढायला लावले. (बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणूनही लोक हे ट्रे लावतात. तेही खोटं. आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. शोषणं वेगळं, अडवणं वेगळं.)

दुसरी भानगड खोलीच्या मापाची. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज येरझारा घालतो, आणि ज्या सुराची अर्धी लाट त्या अंतरात बरोबर मावते तो सूर फुगतो. बारा फुटांत तो ४७ हर्ट्झच्या आसपास, दहा फुटांत ५६च्या, नऊ फुटी छताला ६३च्या. म्हणजे ढोलाचे सगळे खालचे सूर जवळजवळ एकमेकांवर चढलेले. त्यातही कोपऱ्यात हा फुगारा सर्वात जास्त आणि खोलीच्या मध्यावर सर्वात कमी. पुतण्याने एक माईक बरोबर मधे टांगला होता आणि एक कोपऱ्यात. एकात ढोल गायब, दुसऱ्यात फक्त ढोल. माईक महाग घेऊन यात काही फरक पडला नसता.

व्हॅन गेल्डरच्या दिवाणखान्याचं छत नेहमीच्या घरापेक्षा उंच होतं. बाजूच्या वाटांनी खोली घराच्या बाकी भागात उघडत होती. आवाजाला पसरायला वाट होती, म्हणजे थोडीशी सबाइनची उघडी खिडकीच. वर घरातलं सामान होतं. बाकी काम त्याने माईक कुठे ठेवायचा यावर केलं. वादकाच्या अगदी जवळ, हवा तेवढाच तिरका. यंत्रांना तो हातमोजे घालून हात लावायचा, माईकला वादकांनी शिवलेलं त्याला चालायचं नाही, आणि आपण काय करतो हे त्याने शेवटपर्यंत नीट कुणाला सांगितलं नाही. सगळेच खूश होते असंही नाही. चार्ल्स मिंगस म्हणायचा, हा माणूस वादकाचा स्वतःचा आवाज बदलून टाकतो. जुन्या रेकॉर्डी ऐकल्यावर मला मिंगसचं म्हणणं पियानोपुरतं पटतं. तो जरा दूर, पेटीत ठेवल्यासारखा येतो.

आणि खोलीला मर्यादा होत्याच. ब्लेकीने १९५७मध्ये ड्रम आणि तालवाद्यांचा मोठा ताफा जमवला तेव्हा तो दिवाणखान्यात मावला नाही. ते रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन टॉवर्स या हॉटेलच्या मोठ्या दालनात करावं लागलं. १९५९मध्ये व्हॅन गेल्डरने चष्म्याचा धंदा सोडला आणि एंगलवूड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला. लाकडी कमानींचं, ३९ फूट उंच छत. फोटोत पाहिलं तर प्रार्थनेची जागा वाटावी. युसूफ लतीफचं 'ईस्टर्न साउंड्स' १९६१ साली तिथलंच. जॉन कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ला तिथेच झालं. त्यात पियानोवर मॅकॉय टायनर होता. त्याचंही मुस्लिम नाव होतं, सुलैमान सऊद.

ब्लेकीचं ते मोठं दालन वाचलं आणि मी पुतण्याला म्हणालो, बँड माडीवर वाजवायची चीज नाही, शादीखाना बघ.

आमच्या मोहल्ल्याचा शादीखाना म्हणजे फरशी, पत्रा आणि चुन्याच्या भिंती. रिकामा असला की टाळीचा आवाज भुतासारखा फिरतो. आम्ही तो एका रात्रीसाठी मागून घेतला, इशाच्या नमाजनंतर. रस्ता शांत होतो म्हणून. सबाइनही रात्रीच काम करायचा. मोहल्ल्यातून गोधड्या, रजया आणि सतरंज्या गोळा केल्या, बायकांनी मोजून दिल्या आणि सकाळी मोजून परत हव्यात असं बजावलं. रजया दुहेरी करून, भिंतीपासून हातभर पुढे, दोरीवर टांगल्या. भिंतीला चिकटवण्यापेक्षा मधे पोकळी सोडली तर खालचा आवाजही थोडा जास्त खाल्ला जातो. ढोल सगळ्यात मागे. चाचा सगळ्यात पुढे, माईक त्यांच्या भोंग्यासमोर नाही तर बोटांकडे रोखलेला, कारण क्लॅरिनेटचा आवाज भोंग्यापेक्षा भोकांतून जास्त येतो. हे मात्र पुतण्याने स्वतः शोधलं.

तरी घुमारा उरला. मग मी म्हणालो, माणसं बसवा. पोरं जाऊन सांगून आली. मला वाटलं दहा-बारा येतील. साठेक जण आले, लहान मुलं धरून, आणि सतरंज्यांवर मांडी घालून बसले. टाळी वाजवून पाहिली, विरली.

शेवटच्या ओळीत दाराजवळ चाचांचे मेहुणे येऊन बसले होते. कुणी बोलावलं होतं ते मी विचारलं नाही.

चाचांनी तीन चीजा वाजवल्या. तिसरीत दोनदा श्वास तुटला. पहिल्यांदा ट्रम्पेटवाल्याने ती जागा भरली, दुसऱ्यांदा त्यालाही कळलं नाही, आणि नुसता ढोल चार मात्रा चालत राहिला. पुन्हा घ्यायचं का, असं पुतण्याने विचारलं. चाचांनी क्लॅरिनेट उलगडून पेटीत ठेवायला सुरुवात केली होती.

आठवड्याने त्यांनी ते ऐकलं, आमच्या बैठकीत, डोळे मिटून. ढोलाच्या त्या चार मात्रांच्या जागी मागून कुणीतरी खोकल्याचा आवाज येतो. पुतण्या म्हणाला, "छोटे दादा, हे काढता येतं, दोन मिनिटांचं काम आहे." चाचांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "रहने दे. वो मेरे साले की खाँसी है."